अपरिचित गावाची सहाशेवी पाहुणी

पेत्राफोस्का हे गाव कोणालाही माहीत नाही, असा अधिकृत दाखला त्या गावाला चौदा मार्च रोजी मिळाला. दाखला जाड कागदावर होता आणि खाली भूमध्य अपरिचित स्थळ मंडळाचा निळा शिक्का होता. तो घेऊन येणाऱ्या निरीक्षक बार्झागीबाईंना गाव सापडेना, म्हणून त्या दोन तास उशिरा पोहोचल्या. ही गोष्ट त्यांनी अहवालात गावाच्या बाजूने नोंदवली.

दाखल्याचा अर्ज भरला होता साव्हेरियोने. पंचायतीत तो एकतीस वर्षे कारकून होता आणि विचारले तेवढेच उत्तर देण्याबद्दल त्याचा तालुक्यापर्यंत लौकिक होता. अर्जातला सातवा प्रश्न असा होता: गेल्या वर्षी गावात आलेल्या बाहेरच्या पाहुण्यांची संख्या किती? साव्हेरियोने अर्धा दिवस आठवले आणि ‘तीन’ असे लिहिले. सायकलचे चाक पंक्चर झालेला एक स्लोव्हेनियन, आणि आपण दुसऱ्याच गावात आहोत या समजुतीने दोन रात्री राहिलेले एक बेल्जियन जोडपे.

दर ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यातून, तुरिनहून, टोरांटोहून साडेचारशे माणसे गावात येत. ती त्याच्या मनातही आली नाहीत. खिशात आईच्या घराची किल्ली असलेल्या माणसाला पाहुणा कसे म्हणणार? इटलीच्या दक्षिण टोकाच्या सबंध कालाब्रियात दुसऱ्या कोणी कारकुनाने तो अर्ज भरला असता, तरी उत्तर तीनच आले असते.

गावाला दाखल्याचे कौतुक फारसे नव्हते. गावाला डॉक्टर हवा होता. पेत्राफोस्कात माणसे तीनशे बारा होती आणि त्यांच्यात मिळून रक्तदाबाचे दोनशे नव्वद रुग्ण होते. मागच्या हिवाळ्यात साव्हेरियोची बायको इम्माकोलाता स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा रुग्णवाहिका यायला एक तास दहा मिनिटे लागली होती. मंडळाच्या योजनेत दाखलेधारक गावाला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी, डॉक्टर मिळत असे. अट एकच: गाव अपरिचित राहिले पाहिजे. म्हणजे, वर्षाला सहाशेपेक्षा जास्त पाहुणे येता कामा नयेत.

“सहाशे!” सरपंच कातालदो खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. “साव्हेरियो, तीनाचे सहाशे व्हायला दोनशे वर्षं लागतील रे. तोवर आपण दोघंही त्या डोंगरावर आडवे असू. कर सही.”

साव्हेरियोने सही केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडळाने ‘कोणालाही माहीत नसलेली चाळीस गावे’ ही पुस्तिका अकरा भाषांत काढली आणि नकाशांसह सगळ्या मोठ्या विमानतळांवर फुकट ठेवली. पुढच्या रविवारी पेत्राफोस्कात सतरा पाहुणे आले. प्रत्येकाच्या मनगटाला साव्हेरियोने मोजणीसाठी निळी पट्टी बांधली आणि नियमाप्रमाणे म्हटले, “पेत्राफोस्कात आपलं स्वागत आहे.”

अर्ध्या तासात पहिली तक्रार आली. तक्रार करणाऱ्या बाई हॉलंडमधल्या एका शाळेत भूगोल शिकवत.

“इथे दुसरे लोक आहेत,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“त्या तिकडे. पिवळी टोपी.”

“ते स्वीडनचे आहेत, बाई.”

“पण इथे कोणी येत नाही, असं पुस्तिकेत लिहिलंय!”

“येत नव्हतं.”

बाई गेल्या नाहीत तोच पिवळी टोपी आली. तिचीही तक्रार तीच होती. फक्त बोट बाईंकडे होते.

निरीक्षक बार्झागीबाई मिलानच्या. चुकीचा माणूस त्यांना चालत असे, चुकीचा रकाना चालत नसे. त्यांनी परिपत्रक काढले: कोणत्याही पाहुण्याला दुसरा पाहुणा दिसता कामा नये. त्यानुसार पाहुण्यांना वेगवेगळ्या गल्ल्यांतून वेळापत्रकाप्रमाणे सोडण्यात येऊ लागले. दोन गट समोरासमोर येण्याची वेळ आली की चर्चची घंटा वाजे आणि एका गटाला जवळच्या घरात ‘स्थानिक आदरातिथ्य’ म्हणून ओढून घेतले जाई. खाली समुद्रावर प्रत्येक गटाला चाळीस मिनिटे मिळत. मग सरपंचाचा चुलतभाऊ दाताळे घेऊन आधीच्या गटाची पावले वाळूतून पुसून टाकी आणि पुढच्या गटाला अस्पर्श किनारा मिळे. पाहुणे घरी जाऊन भारावून लिहीत की आम्ही तिथे अगदी एकटे होतो, आणि ते वाचून आणखी माणसे येत.

एकतीस जुलैला आकडा पाचशे एकाहत्तर झाला. यात ऑगस्टसाठी आगाऊ जागा राखून ठेवलेलेही धरले होते.

त्याच दिवशी इम्माकोलाताने विचारले, “पोरं येताहेत. माळ्यावरून गाद्या किती काढू?” मुलगी ओर्नेल्ला वोल्फ्सबुर्गहून येणार होती. बरोबर जर्मन जावई होल्गर आणि चार महिन्यांचा नातू. सोळा ऑगस्टला, गावाचा संत सान रोक्को याच्या उत्सवाच्या सकाळी, नातवाचा बाप्तिस्मा ठरला होता. इम्माकोलाताने त्याला अजून फोनच्या काचेतच पाहिले होते आणि रोज रात्री ती काच पुसून ठेवत होती.

गाद्यांचा हिशेब करता करता साव्हेरियोला काहीतरी खुपले. तो कचेरीत गेला आणि त्याने चौथा नियम पहिल्यांदाच शांतपणे वाचला. ‘पाहुणा म्हणजे नोंदणीकृत पत्ता गावाबाहेरचा असलेली आणि गावाच्या हद्दीत पाऊल ठेवणारी कोणतीही व्यक्ती. दोन वर्षांखालील मूल मोजू नये. जन्मस्थान विचारात घेतले जाणार नाही.’ त्याने तो तीनदा वाचला आणि मिलानला फोन लावला.

“मॅडम, ऑगस्टमध्ये साडेचारशे माणसं येतात.”

“कोण माणसं?”

“आमचीच.”

“पत्ता कुठला?”

“पत्ता जर्मनीतला. घर इथलं.”

“मग पाहुणेच की. तुम्ही अर्जात तीन लिहिलंय.”

“पाहुणे तीनच होते, मॅडम.”

पलीकडे बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज आला. “हे बघा,” बार्झागीबाई मवाळपणे म्हणाल्या, “मी हे ऐकलं असं धरलं, तर ते खोटं विधान होतं. दाखला जातो, डॉक्टर जातो. म्हणून मी ऐकलेलं नाही. तुमच्याकडे एकोणतीस जागा शिल्लक आहेत. काळजीपूर्वक वापरा.”

पंचायतीची तातडीची बैठक झाली. एकोणतीस जागा आणि साडेचारशे लेकरे. कोणी म्हणाले, विधवांची मुले आधी. त्यावर नवरे हयात असलेल्या तीन बायकांनी हरकत घेतली. शेवटी सान रोक्कोनेच निकाल दिला. त्याची मूर्ती ओकच्या सबंध खोडाची. ती उचलायला चोवीस भोई लागत आणि गावात उरलेल्या पुरुषांचे सरासरी वय चौऱ्याहत्तर होते. चोवीस भोई आणि पाच वाजंत्री. जागा संपल्या. उरलेल्यांना पंचायतीच्या कागदावर पत्र गेले: ‘प्रिय गावकरी, यंदा कृपया गावी येऊ नये. आपले गाव आपल्याला आपलेपणाने सांगत आहे.’

पत्राचा व्हायचा तोच परिणाम झाला. सगळे आले. चाळीस वर्षे ज्या दिवशी कारखाना बंद होतो त्या दिवशी निघायचे, हे त्यांच्या पायांनाच माहीत होते. पण गावाची हद्द म्हणजे कोरड्या नदीवरचा पूल. पुलाच्या पलीकडे मोंतेलुपा गाव. पुलावर साव्हेरियो यादी घेऊन उभा होता. मोटारी नदीच्या पात्रात उतरल्या, तंबू ठोकले गेले आणि तीन दिवसांत तिथे पेत्राफोस्कापेक्षा मोठे पेत्राफोस्का उभे राहिले. मोंतेलुपाच्या सरपंचाने रस्त्यावर पाटी लावली: ‘येथून अपरिचित गाव दिसते.’

बारा तारखेला ओर्नेल्लाची मोटार पुलावर येऊन थांबली.

“बाबा, बाजूला हो की. बाळ उन्हात आहे.”

“ओर्नेल्ला, प्रतीक्षायादीत तुझा नंबर अठ्ठ्याऐंशीवा आहे.”

“कसली प्रतीक्षा? या पुलावर तू मला सायकल शिकवलीस! दोनदा पाडलंसही!”

“जन्मस्थान विचारात घेतले जाणार नाही. नियम चार.”

तेवढ्यात होल्गर खाली उतरला. त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला आणि अपराधी चेहऱ्याने सासऱ्यापुढे धरला. “बाबा, माझं आरक्षण आहे. तीन एप्रिलला केलंय, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.” सासुरवाडीला जायला आरक्षण करणारा जावई म्हणून वोल्फ्सबुर्गमध्ये सगळे त्याला चार महिने हसले होते.

साव्हेरियोने कागद उलटसुलट पाहिला. निर्दोष होता. त्याने जावयाच्या मनगटाला पट्टी बांधली. “पेत्राफोस्कात आपलं स्वागत आहे.”

“आणि बाळ?” ओर्नेल्लाने विचारले.

“दोन वर्षांखालचं मोजायचं नाही.”

“म्हणजे जर्मन आत, जर्मनाचं पोर आत, आणि मी पुलावर?”

साव्हेरियोने यादीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग हळू आवाजात म्हणाला, “आईला मंगळवारी डॉक्टरनं तपासलं. नवीन गोळ्या दिल्यात. गुरुवारी परत बघणार आहे. तो यायचा थांबला तर... तुला माहितीये ना हिवाळ्यात काय झालं ते?”

ओर्नेल्लाला माहीत होते. तिने बाळ नवऱ्याच्या हाती दिले, त्याची टोपी नीट केली आणि मोटार पात्रात उतरवली.

चार महिन्यांचे बाळ मात्र नियमावलीत बसत नव्हते. त्याला दर तीन तासांनी आई लागे. होल्गर घड्याळ लावून गावातून खाली येई. ओर्नेल्ला पुलाच्या पलीकडच्या कठड्याशी, हद्दीच्या दगडाबाहेर बसून त्याला पाजी. इम्माकोलाता खुर्ची आणि तळलेल्या वांग्यांचे पातेले घेऊन दगडाच्या अलीकडे बसे आणि पातेले पलीकडे सरकवी.

“खा. हाडं दिसायला लागलीत. तिकडे काय बटाटेच खाता का नुसते?”

“आई, गोळी घेतलीस?”

“घेतली गं. तुझा बाप उभा राहून गिळायला लावतो. म्हणतो, या गोळीपायी पोरगी पुलावर आहे, एक चुकवलीस तर बघ.”

दुसऱ्या दिवशी पुलावर पाहुणे जमले. पुलावरची आई ही फार जुनी प्रथा असावी, असे त्यांचे मत पडले. एका गृहस्थांनी तर तिचा उगम सांगितला. वेळापत्रकात नसलेली गोष्ट लोक पाहत आहेत, हे कळताच बार्झागीबाई स्वतः आल्या. त्यांनी ‘मातृभेट: सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, सहा’ अशी नोंद केली आणि ओर्नेल्लाला अदबीने विचारले, “डोक्याला काळा रुमाल बांधाल का? आणि तो फोन तेवढा दिसू देऊ नका.”

“मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे, मॅडम,” ओर्नेल्ला म्हणाली.

“दिसत नाही तसं,” बार्झागीबाई कौतुकाने म्हणाल्या. “हेच तर हवंय.”

पंधरा तारखेच्या दुपारी एका डॅनिश गृहस्थांनी आपले आरक्षण रद्द केले. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: ‘गाव आता फारच माहीत झाले आहे.’

एक जागा! साव्हेरियो वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुलावरून धावत पात्रात उतरला. यादीत पहिला होता रोक्को त्रिपोदी, तुरिनचा क्रेनचालक. तो नुसते बनियन घालून मिरच्या भाजत होता. त्याने मिरच्या टाकल्या आणि साव्हेरियोला उचलून गरकन फिरवले. खाली ठेवल्यावर साव्हेरियोने दम घेतला आणि अकरावा नियम मोठ्याने वाचून दाखवला. रद्द झालेली जागा फक्त प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला देता येत होती. त्यासाठी सोबतच्या घोषणापत्रावर सही हवी होती. त्याने घोषणापत्रही वाचले.

मिरच्यांचा धूर तेवढा वर जात होता.

“म्हणजे मी लिहून देऊ,” रोक्को सावकाश म्हणाला, “की मला हे गाव माहीत नाही? माझी आई तिथे वर पुरलीय, साव्हेरियो. आत येऊन पहिल्यांदा तिच्याकडेच जायचं मला. कुठल्या तोंडानं जाऊ?”

“नुसती सही आहे, रोक्को.”

“मग तूच कर ना! तूही लिही की तू कोणाला ओळखत नाहीस!”

दुसऱ्याने नाही म्हटले. तिसऱ्याने कागदाला हातही लावला नाही. टोरांटोच्या एका गवंड्याने सान रोक्कोची शपथ घेऊन जे सांगितले ते साव्हेरियोने शेऱ्याच्या रकान्यात लिहिले नाही. तंबूमागून तंबू करत कागद सत्त्याऐंशी हातांतून परत आला तेव्हा सूर्य कलला होता आणि कागदाला वांग्याचे तेल लागले होते.

अठ्ठ्याऐंशीव्या नंबरवाली पुलाच्या कठड्याशी बसली होती. सहाची मातृभेट नुकतीच संपली होती.

“पेन दे,” ओर्नेल्ला म्हणाली.

“पोरी, वाच आधी.”

“बाबा, उद्या दहा वाजता त्याच्या डोक्यावर पाणी घालणार. तेव्हा मी कुठे असू? इथे? घंटा ऐकत?”

तिने कागद गुडघ्यावर ठेवला आणि मोठ्याने वाचला, कारण घोषणापत्र मोठ्याने वाचावे असा नियम होता. “मी याद्वारे जाहीर करते की, पेत्राफोस्का या गावाविषयी मला आजपर्यंत काहीही माहिती नव्हती. या गावात माझे कोणीही नातलग वा परिचित नाहीत. येथील कोणतीही आठवण माझ्याजवळ नाही.” ‘भेटीचा हेतू’ या रकान्यापाशी ती थांबली. “बाकीचे काय लिहितात?”

“शांतता,” साव्हेरियो म्हणाला.

तिने ‘शांतता’ लिहिले आणि सही केली. साव्हेरियोने तारीख घातली, शिक्का मारला आणि खिशातून निळी पट्टी काढली. ती सहाशेव्या जागेची होती. आधीच्या सगळ्या पट्ट्या त्याने न चुकता बांधल्या होत्या. ही गाठ काही केल्या बसेना. शेवटी ओर्नेल्लाने दुसऱ्या हाताने एक टोक धरून दिले.

“पेत्राफोस्कात,” तो म्हणाला आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली, “पेत्राफोस्कात आपलं स्वागत आहे.”

“आभारी आहे,” ती म्हणाली. “छान आहे का हो गाव?”

साव्हेरियोने घोषणापत्राची प्रत घडी करून खिशात घातली. प्रश्न नमुन्यात नव्हता.

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता बाप्तिस्मा झाला. पट्टी असलेल्यांसाठी चर्चमध्ये डावीकडे दोर बांधला होता. ओर्नेल्ला आणि होल्गर त्याच्या मागे, एकवीस पाहुण्यांत उभे होते. होल्गर समाधानी दिसत होता. त्याचे आरक्षण पुढच्या रांगेतले होते. पाद्री मीको यांनी “या बाळाचे आईवडील कोण?” असे विचारले तेव्हा दोरामागून दोन आवाज आले. पाहुण्यांपैकी काहींनी वळून ‘शू’ केले. बाळ इम्माकोलाताच्या हातात होते. पाणी पडताच ते मोठ्याने रडले आणि दोराकडे पाहून रडत राहिले. बार्झागीबाईंनी वहीत लिहिले: ‘अत्यंत अस्सल.’

नंतर सगळे पायऱ्यांवर आले. गोरे, रडून लाल झालेले बाळ, काळ्या पोशाखातली आजी, टोपी हातात घेतलेला आजोबा, मागे उन्हात भाजलेली दगडी भिंत. कॅमेरे वर झाले. आता दोर नव्हता, म्हणून ओर्नेल्ला दोन पायऱ्या चढून आईशेजारी गेली आणि तिने बाळाच्या पायाला हात लावला.

“माफ करा,” खालून एक बाई गोड आवाजात म्हणाली. तिच्याकडे मोठा कॅमेरा होता. “जरा बाजूला होता का? तुमची पट्टी फोटोत येतेय. आम्ही फार लांबून आलोय हो, इथली खरी माणसं बघायला.”

साव्हेरियोने तोंड उघडले. गर्दीच्या कडेला बार्झागीबाई वही उघडून उभ्या होत्या. घोषणापत्राची प्रत त्याच्याच खिशात होती: या गावात माझे कोणीही नातलग नाहीत. इम्माकोलाताने त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या बाळाकडे पाहिले. त्याने तोंड मिटले.

“हो, हो. सॉरी,” ओर्नेल्ला म्हणाली आणि बाजूला झाली.

“आजोबा, इकडे बघा!” ती बाई म्हणाली. आजोबांनी बघितले.

फोटो सुरेख आला आहे. तो नंतर बराच फिरला. तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पाहून क्षणभर थांबला असाल आणि ‘गर्दी व्हायच्या आत इथे एकदा जाऊन यायला हवं,’ असे घरात कोणाला तरी म्हणालाही असाल. फोटोच्या डाव्या कडेला कापला गेलेला एक कोपर दिसतो. तो बाळाच्या आईचा आहे.